ज्यानं केली त्यानं धुवायची

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे माझा हात धुणं. संध्याकाळी सहा-साडेसहाची वेळ. मोरीत पाटावर मी, समोर उकिडवी बसलेली माझी बायको मालन, आणि नळाच्या धारेखाली माझा उजवा हात. पाणी लाल होऊन जाळीत जात होतं. मी कपाटाची काच मुठीनं फोडली होती, चारही बोटांच्या सांध्यांवरची कातडी फाटली होती. तिनं आधी स्वतःचे हात साबणानं कोपरापर्यंत धुतले, मग माझा धरला. बॅटरी लावून आत काच आहे का बघितलं. सोन्याचे बारीक मणी उचलायचा आमचा चिमटा तिनं पाण्यात उकळून आणला होता, त्यानं वरवरचे दोन कण काढले. "आत रुतली असती तर मी हात लावला नसता," ती म्हणाली, "टॅक्सीत घालून नेलं असतं आणि डॉक्टरला सांगितलं असतं, टाके घालताना भूल देऊ नका." मी तोंड वाकडं केलं. "तोंड कशाला वाकडं करताय? काचेनं काय घोडं मारलं होतं तुमचं?" मग कोरडं केलं, जाळीची पट्टी ठेवली, वरून बँडेज गुंडाळलं आणि गाठ मनगटाच्या आतल्या बाजूला मारली, जखमेवर दाब येऊ नये म्हणून. ही तिची नेहमीची गाठ. आमच्या घरात हे इतक्या वेळा झालं होतं की त्यात विशेष असं काही नव्हतं. उठताना ती एवढंच म्हणाली, "आज मी बांधली. उद्या सकाळी तुमची तुम्ही सोडायची आणि धुवायची. तुम्ही केलीय."

उद्या सकाळी ती नव्हती. आमच्या बहुबाजारच्या गल्लीत पहाटे कॉर्पोरेशनचं पाणी येतं. ती रोजच्यासारखी भरायला उठली. मला जाग आली ती बादली भरून वाहायला लागली त्या आवाजानं. मी ओरडलो, "अगं नळ बंद कर की!" दोनदा ओरडलो. शिवी पण दिली... मग उठून गेलो तर ती मोरीच्या कडेला पडलेली, कानाच्या वर बादलीची कड लागून कातडी उघडली होती. मी फडका घेतला आणि दाबून धरला. दहा मिनिटं. रक्त येतच नव्हतं, तरी दाबून धरलं. माझा पुतण्या तानाजी खालच्या दुकानातून धावत वर आला, त्यानं माझे हात सोडवले. "अण्णा, सोडा आता. काकी गेली."

डॉक्टर आला, म्हणाला हृदय थांबलं. पडायच्या आधीच थांबलं असणार, म्हणून रक्त नाही. मी त्याला विचारलं, काल संध्याकाळी मी हिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर काच फोडली, त्यानं थांबलं का? त्यानं माझ्या हातावरच्या पट्टीकडे बघितलं, मग कागदाकडे. "उमर हो गई थी, चाचा," म्हणाला. हे काही उत्तर नव्हे. आज दीड महिना झाला. जे भेटायला येतात ते सगळे हेच उत्तर वेगवेगळ्या शब्दांत देतात, आणि मला एकाचंही पटत नाही. म्हणून इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या लोकांनी मालनवर चार ओळी लिहून द्या म्हटल्यावर मी हो म्हणालो. माझं शिक्षण पाचवीपर्यंत. चांगलं चांगलं लिहिता येणार नाही. जे झालं ते लिहितो.

आम्ही खानापूर तालुक्यातले गलाईवाले. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं हा आमचा धंदा, त्यासाठी आमच्या भागातली माणसं देशभर गेली. मी विशीत इथं बंगालमध्ये आलो, लग्नानंतर वर्षभरात मालन आली. खाली भट्टी, वर दोन खोल्या. भट्टीवर एकही दिवस असा जात नाही की कोणाला तरी लागलं नाही. निखारा उडतो, सोनं वितळवायची मूस तडकते, तेजाबाची बाटली हातातून निसटते. तेजाब म्हणजे ज्यात सोन्यातली भेसळ विरघळते ते ॲसिड, कातडीची त्याला काय किंमत! मालन येऊन दोन महिने झाले असतील, बाटली फुटून माझा डावा हात कोपरापासून खाली भाजला. आता आमचं शहाणपण ऐका. सोनं वितळताना आम्ही त्यात सवागी टाकतो, म्हणजे टाकणखाराची पूड. तिनं घाण वर येते आणि सोनं खाली स्वच्छ राहतं. जखमेतली घाणही अशीच वर येत असणार, असं आम्ही सगळे गलाईवाले धरून चाललो होतो. कापलं, सवागी. भाजलं, सवागी. माझ्या हातावर चौघांनी मूठमूठ थापली. पाचव्या दिवशी हात घाण वास मारायला लागला.

आमच्या शेजारच्या घरात एका दवाखान्यातली नर्स राहायची, तिला सगळे मीरादी म्हणायचे. तिनं माझा हात बघितला आणि बंगालीत मला जे बोलली त्यातलं अर्धं मला कळलं नाही, पण मालनला भाषा न कळता सगळं कळलं. दवाखान्यात तो खरवडून साफ केला. मी बैलासारखा ओरडत होतो. मालन बाजूला उभी राहून बघत होती, डोळे न मिटता. त्यानंतर ती रोज मीरादीकडे जाऊन बसायला लागली. कांदे-बटाटे सोलून द्यायची आणि शिकून यायची. तेजाब उडालं की दुसरं काही शोधत बसायचं नाही, आधी अंगठी-बांगडी काढायची, कपडा काढायचा आणि नळाखाली वीस मिनिटं धरायचं. निखाऱ्यानं भाजलं तरी पाणीच, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, फोड फोडायचा नाही. कापसाचा बोळा थेट जखमेवर ठेवायचा नाही, तंतू चिकटतात. एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तिनं पट्ट्या, कात्री, साबणाची वडी, बॅटरी असं सगळं ठेवलं. त्या डब्याला दुसऱ्या कोणी हात लावला तर ती अंगावर यायची.

आता पुढचं लिहितो. हे लिहू नका असं तानाजी म्हणाला. मुलगी सुरेखा सहा महिन्यांची होती. त्या दिवशी मूस तडकली, माल निखाऱ्यात गेला, ज्याचं सोनं होतं त्या शेठनं सगळ्यांच्या समोर मला आईवरून शिवी दिली. मी ती गिळली आणि वर घेऊन आलो. भाकरी गार होती. एवढंच कारण, दुसरं काही नाही. चुलीपाशी सांडशी पडली होती ती मी फेकली. मालनच्या भुवईच्या वर लागली. रक्त असं आलं की तिचा एक डोळा दिसेना. आधी तिनं पोर उचलून पाळण्यात ठेवली, मग मोरीत जाऊन बसली. मी खाली धावलो आणि मुठीत सवागी घेऊन आलो.

"ती पूड खाली टाका," ती म्हणाली. "हात धुवा. साबणानं. नखं पण." मी धुतले. "तो धुतलेला फडका घ्या. इथं ठेवा. दाबा." मी भीत भीत दाबलं. ती एका डोळ्यानं माझ्याकडे बघत म्हणाली, "मारताना हात जड होता, आता हलका कशाला झाला? दाबा." फडका भिजला, मी तो काढायला लागलो, तिनं मनगट धरलं. "त्याच्यावर दुसरा ठेवा. खालचा उचलायचा नाही. उचलून बघितलं की परत वाहतं. घड्याळ बघा, दहा मिनिटं." मी दहा मिनिटं बायकोचं कपाळ दाबून बसलो. रक्त माझ्या बोटांमधून मनगटावर आलं आणि तिथं वाळलं. मग तिला टाके घालायला नेलं. मीरादीनं विचारलं, कशानं लागलं? मी तोंड उघडलं होतं, पडली म्हणून सांगायला... मालननं माझ्याकडे बोट केलं. "यांनी मारलं." रांगेतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मीरादीनं तीन टाके घातले.

घरी आल्यावर मालन म्हणाली, "मी माहेरी जाणार नाही. पण आजपासून या घरात ज्यानं जखम केली त्यानं धुवायची. रोज, भरेपर्यंत. आणि बघत बघत धुवायची, तोंड फिरवायचं नाही." टाके निघेपर्यंत रोज सकाळी मी ती पट्टी सोडत होतो. डॉक्टरनं सांगितलं होतं तसं पुसून घेत होतो. कडा लाल झाल्या का, गरम लागतंय का, पू आहे का, हे मला बघायला लावायची आणि मोठ्यानं बोलायला लावायची. "काय दिसतंय?" "सूज आहे." "कोणी केली?" "मी."

त्यानंतर मी हात उचलला नाही असं लिहायला बरं वाटलं असतं. आणखी दोनदा उचलला. दोन्ही वेळा मोरीत बसून धुतलं. त्याच्या पुढच्या वेळी हात वर गेला तेव्हा मला आधी मोरी दिसली, लाल पाणी दिसलं, आणि हात खाली आला. ती का राहिली मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. माणूस सुधारला म्हणून माझी पाठ कोणी थोपटू नये, मी सुधारलो नाही. मी बायकोला मारायचं सोडून भिंतीला, ताटाला, दाराला मारायला लागलो. ते लागलेलं मात्र ती बांधायची आणि म्हणायची, "भिंतीला लागलेलं भिंत धूत नाही, म्हणून मी."

तिचा नियम खाली भट्टीपर्यंत गेला. आमच्याकडे खोकन नावाचा बंगाली कारागीर होता, बजबजहून लोकलनं सियालदहला उतरायचा आणि चालत यायचा. तानाजी तेव्हा नुकताच गावाहून आला होता, पंचविशीचा, माझ्याच रक्ताचा. दोघांचं कशावरून तरी पेटलं आणि तानाजीनं चहाचा काचेचा ग्लास खोकनच्या दंडावर फोडला. खाली एकच गोंधळ. रक्त, आरडाओरडा, खोकनच्या हातात तापलेली सांडशी, तानाजीच्या हातात ग्लासचं बूड. मी मधे पडलो तर मलाच दोन बसल्या. तेवढ्यात मालन डबा घेऊन जिन्यात उभी. "खोकन, ते खाली ठेव. तान्या, तू इकडं ये. हात धू." खोकनला तिनं मोरीवर बसवलं, दंड वर धरायला लावला आणि तानाजीच्या हातात फडका दिला. तानाजीचं तोंड पांढरं पडलं, त्यानं मान फिरवली. "तोंड काय फिरवतोस? ग्लास मारताना नीट नेम धरला होतास ना? तेवढ्याच नीट बघ." खोकन कळवळत होता, "काकीमा, लागछे!" "लागणारच रे बाबा, हा गाढव आहे, पण तुझ्यापेक्षा जास्त घाबरलाय." खोकन रडता रडता हसला. टाके घालून आल्यावर जखम कोरडी होईपर्यंत तानाजी त्याचा दंड बघायचा. मग त्या दोघांनी एकमेकांच्या लग्नात जेवण वाढलं. खोकनच्या दंडावर अजून तो व्रण आहे.

आता त्या शेवटच्या संध्याकाळचं. गावाकडे आम्ही दोन मजली घर बांधलंय. आमच्या सगळ्या लोकांचं तसंच असतं. गावात मोठं घर आणि त्याला कुलूप. सुरेखा विट्याला दिलीय, तिचा फोन आला होता, दोघं आता इकडं या म्हणून. फोन ठेवून मालन म्हणाली, "जाऊ या. मला त्या घरात एकदा तरी चूल पेटवायचीय." मी म्हणालो, भट्टी सोडून तिकडं काय शेळ्या राखू? ती म्हणाली, "भट्टी तानाजी चालवतो. तुम्ही नुसते खुर्चीत बसून ओरडता." हे खरं होतं. खोटं असतं तर मी हसलो असतो. मूठ गेली. ती कपाटाला टेकून उभी होती. काच तिच्या खांद्यावर पडली, केसात पडली. तिनं डोळेही मिटले नाहीत. केस झटकले, चप्पल घातली, मला म्हणाली, "पाय उचलू नका, काच आहे," आणि डबा आणायला गेली. ती त्या वेळी भ्यायली होती का? इतक्या वर्षांत तिचा चेहरा मला वाचता आला नाही. हेच मला डॉक्टरला विचारायचं होतं.

स्मशानात नेलं तेव्हा दुपार झाली होती. सुरेखा तेवढ्या वेळात पोचणार नव्हती, रडत म्हणाली, थांबू नका. तिथं इलेक्ट्रिक भट्टी आहे. भट्टी मला नवी नाही. तिच्या दाराशी उभा राहिलो आणि तोंडावर वाफ आली तशी मला आतली धग कळली, किती झालीय, किती व्हायची आहे, सगळं. आयुष्यभर हेच बघत आलो. पण आमच्या भट्टीत घाण जळते आणि चांगलं ते खाली राहतं. इथं मडक्यात काय देतात ते मला माहीत होतं.

अग्नी मीच देणार होतो. भटजी म्हणाला, हात धुऊन या, पट्टी काढा, ओली झालीय. खरंच भिजली होती, सकाळपासून मी त्याच हातानं सगळं केलं होतं, वर तांबडं फुटलं होतं. तानाजी जवळ आला, कुठून तरी कात्री आणली होती. "अण्णा, हात द्या. ही आता ठेवायची नाही, आत कुजतं, काकीच सांगायची." त्यानं गाठीखाली कात्री घातली. तिनं मारलेली गाठ! मी डाव्या हाताची मूठ त्याच्या तोंडावर मारली. पन्नाशीला आलेला माणूस तो, दोन पोरांचा बाप. दातावर आपटून ओठ फाटला. रक्त त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर आलं. लोक धावले, कोणीतरी मला मागून धरलं, मी त्याला पण लाथ घातली. तिरडीवर ती पडली होती, आणि मी तिच्या समोर हे करत होतो.

तानाजीनं लोकांना बाजूला केलं. ओठावर हात धरून तो माझ्या समोर येऊन उभा राहिला. नुसता उभा. खोकन बजबजहून आला होता, त्यानं खांद्यावरचा धुतलेला गमछा काढून माझ्या हातात दिला. दोघंही माझ्याकडे बघत होते आणि आम्हा तिघांना माहीत होतं. मी तानाजीला नळावर नेलं. डावा हात धुतला. त्याला चूळ भरायला लावली, ओठ धुतला, दात हलतोय का बघितलं, गमछ्याची घडी करून दाबून धरली. भटजी थांबला, भट्टीवाला थांबला, मालन पण थांबली. तानाजीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "जोरात दाबा, अण्णा," तो गमछ्याखालून म्हणाला. मग पट्टी तशीच ठेवून मी अग्नी दिला.

पट्टी मी त्या दिवशी सोडलीच नाही. ती सुटली की तिच्या हातचं काही उरणार नव्हतं. संध्याकाळी बोटं ठणकायला लागली, सुजली. वास यायला लागला का म्हणून मी नाकाशी नेऊन बघत होतो आणि मलाच माझा राग येत होता. तिनं आयुष्यभर काय शिकवलं आणि मी काय करतोय... सांगितलेली सकाळ तर चुकलीच होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी आलं. मी उठून बादली लावली, भरल्यावर नळ बंद केला. डबा काढला. मोरीत पाट टाकला. डावा हात साबणानं धुतला, नखं पण. पट्टी चिकटली होती, ती ओढायची नसते, म्हणून तिच्यावर तांब्यानं पाणी सोडत बसलो. गाठ दातांनी सोडवली. सोडवून झाल्यावर ती चिंधी कोपऱ्यात टाकली, ठेवली नाही, रक्ताची चिंधी घरात ठेवलेली तिला चाललं नसतं. उजेडात बघितलं. कडा लाल. सूज आहे. गरम आहे. एका बोटाला पांढरं आलंय. दवाखाना उघडला की दाखवायला लागणार. मी हे सगळं मोठ्यानं बोललो. मोरीत दुसरं कोणी नव्हतं तरी पुढचा प्रश्न मला ऐकू आला आणि मी त्याचंही उत्तर दिलं.

दारात तानाजी उभा होता, ओठ सुजलेला. त्यानं माझं बोलणं ऐकलं असणार. "अण्णा, मी बांधू का?"

"नको," मी म्हणालो. "मी केलीय."

धुताना एक सांधा परत उघडला आणि रक्त यायला लागलं. मी धुतलेला फडका घेतला, हात वर धरला आणि दाबला. भिंतीवरचं घड्याळ समोर होतं. जोरात दाबला. दहा मिनिटं धरून बसलो, मधे उचलून बघितलं नाही.